हेमलॉक पाडण्याआधी टेप हातात घ्या

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही पेनसिल्व्हेनियात पोकोनोच्या बाजूला राहतो. जागा अर्धा एकर. मागच्या अंगणात पाच जुने हेमलॉक (सूचिपर्णी वृक्ष) आहेत, त्यातले दोन अगदी ओढ्याच्या काठावर. शिवाय हद्दीवर हेमलॉकचंच सहा फुटी कुंपण आहे. मार्चच्या सुरुवातीला फांद्यांच्या खालच्या अंगाला कापसाचे बारीक ठिपके दिसले. झाडं पाडणारा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, पाचही जाणारच आहेत, आत्ताच पाडून घ्या. बायकोचंही तेच मत: पाडू आणि तिथे आर्बरव्हायटी (मोरपंखीसारखं झाड) लावू. वडील निफाडचे द्राक्ष बागायतदार, सध्या इथे आले आहेत. ते म्हणतात हा मिलीबग आहे, इमिडाची आळवणी करा (म्हणजे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात कालवून मुळाशी ओता), महिन्याभरात साफ. मला ओढ्याची, मधमाश्यांची आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांची काळजी वाटते. आईने त्याच झाडांना पक्ष्यांच्या दाण्याची भांडी टांगली आहेत, आणि सासूबाई फोनवरून विचारतात, सॉक्रेटिसला दिलं ते विष हेच का? वडिलांनी खोडांचे घेर मोजून दिलेत: अंगणातली तीन ६०, ४४ आणि ४० इंच, ओढ्याकाठची दोन ५२ आणि ३६. चाळीसवालं झाड ड्राइव्हवेवर झुकलेलं आहे, निम्म्याहून जास्त विरळ झालंय. काय करू?
— ओढ्याकाठचा

उत्तर

नमस्कार, ओढ्याकाठचे.

पाचही पाडू नका. एक पाडा, चार राखा. या सदरात एरवी कढीपत्ता हिवाळ्यात का झडतो आणि टोमॅटोचं बूड काळं का पडतं एवढंच विचारलं जातं. तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आज सगळी जागा तुम्हालाच.

आधी कीड नक्की कोणती ते पाहू. बाबांचं निदान अगदी जवळून गेलं. पांढरं, कापसासारखं, चिकटून बसणारं आणि रस शोषणारं म्हटल्यावर द्राक्षाच्या ओलांड्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला मिलीबगच आठवणार. पण हा मिलीबग नव्हे. हा ॲडेल्जिड, माव्याच्या गोतावळ्यातला. इथे त्याला ‘हेमलॉक वूली ॲडेल्जिड’ म्हणतात. मी इथून पुढे नुसतं लोकरी कीड म्हणते. (उसावरचा लोकरी मावा वेगळा, त्याच्याकडे नंतर येऊ.)

आता एक फांदी हातात घ्या आणि उलटी करा. हेमलॉकची सुई चपटी, जेमतेम अर्धा इंच लांब. तिच्या पाठीवर, म्हणजे खालच्या अंगाला, दोन पांढरट रेघा असतात. त्या झाडाच्याच आहेत, कीड नाही. अनेक जण त्याच बघून घाबरतात. तुम्हाला बघायची आहे ती जागा म्हणजे सुई जिथे काडीला चिकटते तो सांधा. तिथे ओळीने लोकरीचे गोळे दिसतील, एकेक दोन मिलिमीटरच्या आसपास. त्यातला एखादा नखाने चिरडा. आत जिवंत कीड असेल तर नखाला तांबूस-काळपट ओल लागते. कोरडाच भुगा झाला, तर कीड मेलेली आहे आणि मागे नुसती लोकर उरली आहे. कोळ्यांची अंडकोशं आणि झाडाचा डिंकही लांबून असेच दिसतात, म्हणून हा खटाटोप.

तेच करताना सुईच्या पाठीवर तपकिरी, लांबट, खपलीसारखं काही चिकटलंय का तेही बघा. असेल तर ती दुसरी कीड, लांबट खवले कीड. तीही जपानहून आलेली. अमेरिकेत पहिल्यांदा १९०८ साली न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये सापडली. पुष्कळ झाडांवर दोन्ही एकत्र नांदतात, आणि हा फरक नुसत्या माहितीसाठी सांगत नाहीये. बाबांचं इमिडा लोकरी किडीवर चालतं, खवले किडीवर चालत नाही. ते न बघता औषध घातलं तर एक शत्रू मरतो, दुसऱ्याला मोकळं रान मिळतं, आणि वर्षभराने तुम्ही मला लिहिणार की औषध बोगस निघालं.

लोकरी कीड झाडाला मारते कशी? रोपाचा रस पिणारा मावा बाबांना माहीत आहे. ही पानातला वाहता रस पीत नाही. स्वतःच्या अंगाच्या तिप्पट लांबीची सोंड सुईच्या बुडाशी खुपसते आणि काडीतल्या पेशींनी साठवून ठेवलेला स्टार्च खाते. म्हणजे झाडाच्या चालू खात्याला हात न लावता ती मुदत ठेव मोडून खाते. म्हणूनच पहिली एक-दोन वर्षं झाड बऱ्यापैकी हिरवं दिसतं आणि घरातलं कुणी लक्ष देत नाही. मग वसंतात नवी पालवी फुटत नाही, सुया करड्या होऊन गळतात, खालच्या फांद्या वाळत वर सरकतात. चार ते दहा वर्षांत झाड संपतं. पाचशे-आठशे वर्षं जगायची ताकद असलेलं झाड, बरं का.

तिचं वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या, पुढची सगळी कामं त्यावर बेतलेली आहेत. इथल्या लोकरी किडीत नर नाहीत. सगळ्या माद्याच, आणि नराशिवायच अंडी घालतात. वर्षात दोन पिढ्या. हिवाळ्यात वाढलेली मादी फेब्रुवारी-मार्चपासून लोकरीत अंडी घालते. एप्रिलच्या आसपास त्यातून रांगणारी पिल्लं निघतात. वाऱ्यावर, पक्ष्यांच्या पायांना, हरणांच्या अंगाला, माणसांच्या कपड्यांना चिकटून ती पसरतात. जूनपर्यंत ती पिढी पुरी होऊन तिची पिल्लं नव्या काड्यांवर बसतात आणि ऐन उन्हाळ्यात चक्क झोपतात. ऑक्टोबरमध्ये जागी होऊन थंडीभर खातात. बाकीची कीड थंडीत मरते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि ही नेमकी तेव्हाच चरत असते. कडाक्याच्या थंडीने त्यातल्या पुष्कळ मरतात हे खरं, पण एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते, त्यामुळे उरलेल्या थोड्याही पुरतात.

आईंना सांगा, दाण्याची भांडी आजच उतरवा. कायमची नकोत, निदान एप्रिल ते जुलै हेमलॉकपासून लांब एखाद्या खांबावर टांगा. पक्षी रुसणार नाहीत.

सासूबाईंना: नाही, ते हे नव्हे. सॉक्रेटिसला दिलेली वनस्पती गाजराच्या कुळातली एक हिरवी झुडुपवजा वनस्पती. हा सूचिपर्णी वृक्ष, त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. याच जातकुळीचं एक हेमलॉक आपल्या हिमालयातही आहे, उत्तराखंडपासून सिक्कीमपर्यंतच्या उंचीवर. मुलांनी याची सुई चघळली तरी घाबरू नका.

आता औषध. इमिडाक्लोप्रिड हे या कामाचं औषध आहे याबाबत बाबा शंभर टक्के बरोबर. मुळांनी शोषून वर नेलं जाणारं, आंतरप्रवाही. पण निफाडचं प्रमाण इथे लावू नका. आपल्याकडे बाटलीवर १७.८ टक्के असतं. इथे दुकानात झाडाझुडपांसाठी मिळणाऱ्या बाटलीत बहुधा दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे बारापट फरक. ‘लिटरला इतके मिलिलिटर’ हे बाबांच्या तोंडी बसलेलं गणित इथे कुठल्याही दिशेने चुकू शकतं. भारतातून बाटली आणण्याचा विचारही नको. इथे बाटलीवरचं लेबल म्हणजे कायदा, आणि लेबलाबाहेरचा वापर गुन्हा धरला जातो.

इथे मात्रा पाण्यावर नाही, खोडावर ठरते, आणि लोक हमखास गडबडतात ते इथेच. काही लेबलांवर खोडाचा व्यास धरलेला असतो, काहींवर घेर. दोन्ही इंचातच. तुमचं मोठं झाड घेराने ६० इंच, म्हणजे व्यासाने १९. व्यासाच्या तक्त्यात घेराचा आकडा घातला तर तिपटीहून जास्त औषध जमिनीत जाईल. उलटं केलंत तर तिसरा हिस्सा जाईल आणि कीड हसत बसेल. शिवाय मोजायची जागा ठरलेली आहे: जमिनीपासून साडेचार फूट. बाबांनी टेप कुठे लावली ते तुम्ही लिहिलं नाहीत. बुंध्याशी लावली असेल तर पुन्हा मोजा.

दीड टक्क्याच्या बाटलीचा सर्वसाधारण हिशेब घेराच्या प्रत्येक इंचाला एक औंस असा असतो. (तुमच्या लेबलावर वेगळा असेल तर तो खरा.) तुमच्या पाच झाडांचा घेर मिळून २३२ इंच, म्हणजे २३२ औंस. आता याला आणखी एक मर्यादा आहे, ती झाडं पाडणाराही सांगत नाही आणि दुकानदारही: जमिनीतून द्यायचं इमिडाक्लोप्रिड वर्षाला एकरी ०.४ पौंडापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे साधारण १८० ग्रॅम शुद्ध घटक. तुमच्या अर्ध्या एकराला ९० ग्रॅम. २३२ औंसांत भरतात शंभराच्या वर. म्हणजे ओढा नसता तरी पाचही झाडं एका वर्षात आळवणीने करणं बसत नाही. म्हणून निवड करावीच लागते, आणि तुमच्या बाबतीत ती अवघड नाही.

चाळीसवालं झाड जाऊ द्या. निम्म्याहून जास्त पालवी गेलेल्या झाडात औषध वर चढायला पुरेसा जोर उरत नाही. कुठे जंगलात उभं असतं तर मी म्हटलं असतं, करून बघा. पण ते ड्राइव्हवेवर झुकलेलं आहे, आणि मेलेला हेमलॉक फार लवकर ठिसूळ होतो. पाडायला चढणाऱ्या माणसालाही मग धोका, आणि तो जास्त पैसे मागतो ते रास्तच. ते उभ्या जिवंतपणीच उतरवून घ्या, पण ऑगस्टनंतर. मार्च ते जुलै अंडी-पिल्लांचा काळ. तेव्हा फांद्या ओढत नेल्या तर वाटेतल्या सगळ्या हेमलॉकांना प्रसाद वाटत जाल. ऑगस्ट ते फेब्रुवारी कीड एका जागी बसलेली असते. कापणाऱ्याला तारीख तुम्ही द्या, त्याची घेऊ नका. त्याआधी फांदी मोडायची भीती असेल तर गाडी दुसरीकडे लावत जा.

अंगणातली ६० आणि ४४ ही दोन झाडं आळवणीची. एकूण १०४ औंस, मर्यादेत आरामात. जमीन वितळली आहे, ओल आहे, एप्रिल-मे हा चांगला काळ. चुकला तर सप्टेंबर-ऑक्टोबर. गोठलेल्या, कोरड्याठाक किंवा पाणी साचलेल्या जमिनीत घालू नका, आणि मुसळधार पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी तर नाहीच. खोडाभोवतीचा फूट-दीड फुटाचा पालापाचोळा आणि मल्च बाजूला ओढा, काळी माती दिसू द्या. औषध बादलीभर पाण्यात कालवा आणि खोडाच्या अगदी जवळ, चारी बाजूंनी, जिरेल इतक्या सावकाश ओता. वाहून जाऊ लागलं तर थांबा. जिरलं की पाचोळा परत ओढून घ्या. पाचोळ्यावरच ओतलं तर औषध तिथेच अडकून बसतं, मुळांपर्यंत पोचत नाही.

हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट. बाबा कदाचित म्हणतील, आम्ही उघड्या हाताने कालवत आलोय. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. वाद घालू नका, मोजे हातात द्या. मुलांना आणि कुत्र्याला जमीन पूर्ण सुकेपर्यंत त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. पाण्याची स्वतःची विहीर किंवा बोअर असेल (तुमच्या भागात पुष्कळांची असते), तर तिच्याजवळच्या झाडाला आळवणी नकोच. झाडाखाली मेथी-पुदिना लावलेला असेल तर तो आधी हलवा. त्याची मुळंही तेच पितात.

मधमाश्यांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हेमलॉकचं परागीभवन वाऱ्याने होतं, माश्या त्याच्याकडे मधासाठी येत नाहीत, त्यामुळे झाडातल्या औषधाने त्यांना फारसा धोका नाही. धोका खालच्या झुडुपांचा. पोकोनोत हेमलॉकच्या पायथ्याशी ऱ्होडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेल हमखास असतात. आळवणीच्या टप्प्यात त्यांची मुळं आली तर त्यांच्या फुलांत औषध उतरतं. तसं असेल तर त्या झाडालाही पुढचा, ओढ्याकाठचा मार्ग धरा.

ओढ्याकाठच्या दोन झाडांना तुम्ही हात लावू नका. पाण्यापासून किमान दहा फूट सोडायचेच, आणि लेबलावर जास्त अंतर असेल तर तेवढं. इमिडाक्लोप्रिड मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला बऱ्यापैकी चिकटून राहतं, पण पाण्यात पोचलं तर पाण्यातल्या किड्यांना थोड्या मात्रेतही मारतं. ते किडे खाऊन ब्रूक ट्राउट जगतो, आणि तो तुमच्या राज्याचा मासा आहे. खरं तर ओढ्यावर हेमलॉक हवेत ते याच माशासाठी: त्यांच्या दाट सावलीने पाणी उन्हाळ्यातही थंड राहतं. तेव्हा या दोघांना खोडात इंजेक्शन. परवानाधारक अर्बोरिस्ट (झाडांचा तज्ज्ञ) बोलवा, आणि तो झाडं पाडायला आलेलाच माणूस नसावा. खोडात भोकं पाडून औषध सरळ आत सोडतात. जमिनीत थेंब पडत नाही. आळवणीपेक्षा महाग आहे, पण पाचही झाडं पाडायला जे हजारो डॉलर मागितले असतील त्याच्यापुढे किरकोळ.

तो कदाचित डिनोटेफ्युरान हे नाव घेईल. हे इमिडाचं चुलत भावंड, दोन-तीन आठवड्यांत वर पोचतं, खवले किडीवरही चालतं; पण वर्ष-दोन वर्षांतच ओसरतं. आणि पाण्यात जास्त विरघळतं, म्हणून ओढ्याकाठी जमिनीतून द्यायला इमिडापेक्षाही वाईट. तुमच्या फांदीवर खवले कीड सापडली तर अंगणातल्या झाडांसाठी त्याचा विचार करा, नाहीतर गरज नाही.

कुंपणाला यातलं काहीच नको. हात पोचतो तिथे हॉर्टिकल्चरल ऑइल पुरतं. आत्ता, नवी पालवी फुटायच्या आधी एकदा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा. तेल किडीला गुदमरवून मारतं, म्हणजे जिथे लागेल तिथेच काम. सुयांच्या पाठी आणि काड्या निथळेपर्यंत भिजल्या पाहिजेत. कडक उन्हात किंवा गोठणाऱ्या थंडीत फवारू नका. कडुलिंबाच्या तेलाचं विचारणारं कुणीतरी असतंच, म्हणून सांगते: कुंपणावर, लेबलावर हेमलॉक असेल तर, चालेल. साठ फुटी झाडावर कुठलंच तेल चालणार नाही, कारण शेंड्यापर्यंत फवारा जाणारच नाही.

आणि खत घालू नका. हे कळकळीने सांगते, कारण झाड आजारी दिसलं की आपला पहिला हात शेणखताकडे किंवा युरियाकडे जातो. कीड लागलेल्या हेमलॉकला नत्र दिलं की झाडापेक्षा कीडच जास्त पोसते. दुकानात झाडांच्या औषधाच्या काही बाटल्यांत कीटकनाशक आणि खत एकत्रच असतं. ती घेऊ नका, नुसत्या औषधाची शोधा. त्याऐवजी उन्हाळ्यात दोन आठवडे पाऊस नसेल तर मोठ्या झाडांना सावकाश, खोल पाणी द्या. हेमलॉकची मुळं उथळ असतात, दुष्काळ त्यांना आधी लागतो.

आता बाबांच्या ‘महिन्याभरात साफ’बद्दल. द्राक्षाच्या वेलीत होत असेल. साठ इंच घेराच्या हेमलॉकमध्ये इमिडा शेंड्यापर्यंत पोचायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत लागू शकतं. म्हणजे या वसंताची पिढी तुमच्या डोळ्यांसमोर वाढणार, आणि तुमचा धीर सुटणार. पुन्हा ओतू नका. खरा हिशेब ऑक्टोबरनंतर, झोपलेली पिल्लं उठून पहिला घास घेतील तेव्हा. पांढरं दिसतंय यावरूनही निकाल लावू नका. मेलेल्या किडीची लोकर महिनोन्‌महिने काडीला चिकटून राहते. पुढच्या वर्षी नवी फुटलेली काडी बघा. तिच्यावर लोकर नसेल तर औषध लागलं.

एकदा लागलं की हेमलॉकमध्ये ते चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतं. बाटलीवर ‘१२ महिने संरक्षण’ लिहिलेलं असतं, ते वाचून दरवर्षी ओतत बसू नका. दर हिवाळ्यात फांद्या तपासा, लोकर परत दिसली तरच पुढची मात्रा. पण हे काम संपणारं नाही, हेही ऐकून ठेवा. घर विकाल तेव्हा नव्या मालकाला झाडांबरोबर ही वहीही द्यावी लागेल: कोणत्या झाडाला, कधी, किती.

इतकं करण्यात अर्थ आहे का, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न. मला वाटतं, आहे. १९५१ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ ही कीड पूर्व अमेरिकेत पहिल्यांदा नोंदली गेली, आणि त्यानंतर पूर्वेकडच्या डोंगररांगांत तिने मैलच्या मैल हेमलॉक वाळवले. जपानमध्ये तिथली झाडं तिला पुरून उरतात, तिला खाणारे किडेही तिथे आहेत. इथे दोन्ही नव्हतं. २००२ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी त्याला आवरलं, हे बाबांनी जवळून ऐकलं असेल. इथेही तोच प्रयत्न चालू आहे: पश्चिम किनाऱ्यावरचा लॅरिकोबियस नावाचा एक बारीक भुंगा २००३ पासून जंगलांत सोडतात, पुढे त्याचा जपानी भाऊबंदही आणला. ते रुजायला वेळ लागतोय. अंगणातल्या झाडांसाठी भुंगे विकत घेऊ नका, उपयोग होणार नाही. पण ते रुजेपर्यंत झाडं उभी असायला हवीत, म्हणून ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात लाखाहून जास्त हेमलॉकना एकेक करून औषध दिलं गेलंय. तुमची चार झाडं त्याच कामाचा तुकडा आहेत. हेमलॉक हा १९३१ पासून पेनसिल्व्हेनियाचा राज्यवृक्ष आहे हे त्या कापणाऱ्याला सहज आठवण करून द्यायला हरकत नाही.

बायकोला आर्बरव्हायटीबद्दल एवढंच: मोरपंखीची ही अमेरिकन भावंडं दिसायला छान, पण पोकोनोतली हरणं ती हिवाळ्यात खालून पाच फुटांपर्यंत साफ करतात. चाळीसवाल्याच्या जागी काय लावायचं ते पुढच्या वसंतापर्यंत राहू द्या. नवा हेमलॉक तर नकोच, औषधाची यादी आणखी लांबते.

हे पत्र वाचणाऱ्या न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि मेरीलँडमधल्या मंडळींनी तसंच्या तसं उचलू नये. तुमच्याकडे या गटातली औषधं सामान्य ग्राहकाला विकत घेण्यावर किंवा अंगणात वापरण्यावर निर्बंध आहेत. परवानाधारक माणूसच बोलवावा लागेल. आणि फांदी ओळखता येत नसेल तर ती पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (कृषी विस्तार कार्यालयात) न्या. पेनसिल्व्हेनियात ते पेन स्टेट विद्यापीठाचं असतं, आणि तिथले मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचे प्रशिक्षित स्वयंसेवक, असे प्रश्न घेतात.

बाबा कधीपर्यंत आहेत? मेच्या आत परत जाणार नसतील तर आळवणी त्यांच्याच हातून करून घ्या. माती किती ओली हवी हे ते हातात घेऊन सांगतील, ते मला लिहून सांगता येत नाही. मोजे मात्र तुम्ही घालायला लावा.